मोजणीदारांच्या छातीतलं पाणी

बर्फाचा कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली होती, पण रविवारी सकाळी त्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. जिथे पूर्वी बर्फाच्या लाद्या रचत, तिथे सतरंज्या. सतरंज्यांवर हृदयाचे रोगी, रोग्यांच्या मागे त्यांचे नातेवाईक आणि नातेवाइकांच्या मागे ज्यांना काहीही झालेलं नाही असे लोक. सगळ्यांत जास्त गर्दी या शेवटच्यांची.

समोर लाकडी चौथऱ्यावर कानवाले महाराज. पूर्वी बाजारात त्यांचं दुकान होतं, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी यंत्रं विकायचं. दुकान बुडालं, कान तेवढा राहिला.

"डॉक्टर काय करतो? नळी लावतो," महाराज माइकमध्ये म्हणत. "नळी आतून पोकळ. पोकळ वस्तूतून येणार काय? मी कान लावतो. आणि खरं सांगू? कान लावतो तो तुमच्या समाधानासाठी. मला तुमच्या छातीतलं पाणी इथं बसून ऐकू येतं."

मग ते डोळे मिटत. शेडमध्ये खोकलासुद्धा थांबे.

"मी नाव घेत नाही. नाव आईबापांनी ठेवलेलं. हृदयाला नाव नसतं, पत्ता असतो. पुलापलीकडची गल्ली... अठ्ठावन्न वर्षं... हातात सुई. कुठं आहे तो?"

"ऊठ, ऊठ रे दादा! तूच!" मधल्या रांगेतून एका बाईंनी भावाच्या पाठीत ढोसलं.

भाऊ शिंपी होता. उठला खरा, पण उठता उठता पुटपुटला, "सुई तर नर्सच्याही हातात असते."

"गप रे! महाराजांसमोर तरी जीभ आवर."

महाराजांनी त्याच्या छातीला कान लावला. "भरतंय," ते म्हणाले. "खालून भरत येतंय. तीन दिवसांत पाय बोलतील."

तिसऱ्या दिवशी पाय बोलले. संध्याकाळी शिंप्याने मोजा काढला तर घोट्याभोवती खोल वळ. "शिवण उमटली," तो लेकीला म्हणाला. "कारागीर कच्चा. मी शिवला असता तर उमटली नसती."

लेक शाळेत विज्ञान शिकवायची. प्रयोगशाळेच्या किल्ल्या तिच्याकडे असत. घरी ती अप्पांची लाडकी आणि आत्याची नावडती, कारण तिला प्रत्येक गोष्टीत 'कसं काय?' विचारायची खोड होती.

"महाराजांना कसं काय कळलं?" तिने विचारलं.

"कळतं त्यांना," आत्या म्हणाली. "तुझ्या शाळेत शिकवत नाहीत ते."

शिंप्याचं हृदय तीन वर्षांपासून थकलेलं होतं. अशा हृदयाला रक्त पुढे ढकलता येत नाही, मग मागे पाणी साचतं, आधी फुप्फुसांत आणि मग पायांत. त्याच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीएवढं यंत्र बसवलेलं होतं. ठोके बिघडले तर ते झटका द्यायचं आणि दिवसातून ठरावीक वेळा छातीतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून तो किती अडतो हे मोजायचं. कोरडं फुप्फुस प्रवाहाला अडवतं, ओलं फुप्फुस वाट करून देतं. पाय सुजायच्या काही दिवस आधी यंत्राला पाण्याचा सुगावा लागतो तो असा.

हा सुगावा पुढे नेण्यासाठी त्याच्या उशाजवळच्या फळीवर एक पांढरी पेटी होती. शिंपी झोपला की ती छातीतल्या यंत्रातले आकडे ओढून घ्यायची आणि पहाटे हृदयाच्या दवाखान्यात पाठवायची. तिथे वरच्या मजल्यावर एक खोली, खोलीत संगणकाचा पडदा, पडद्यावर रोग्यांची यादी. पाणी वाढू लागलं की नाव लाल व्हायचं.

त्या खेपेला शिंप्याचं नाव शनिवारी पहाटेच लाल झालं होतं. दवाखान्याचा फोन आला सोमवारी दुपारी. लघवीची गोळी दुप्पट करा, म्हणाले. केली. चार दिवसांत सूज उतरली, श्वास मोकळा झाला. आत्याने महाराजांना हार घातला.

"आणि गोळी?" लेकीने विचारलं.

"गोळी तीन वर्षं घेतोच आहे की. महाराज या आठवड्यात भेटले."

माणूस बरा झाला की श्रेय कोणाला द्यायचं हे घरातला मोठा आवाज ठरवतो.

पावसाळ्याच्या तोंडावर शिंप्याच्या घराचं छप्पर दुरुस्तीला काढलं. बारा दिवस तो बहिणीकडे राहायला गेला. जाताना कपडे, चष्मा, कात्री, गोळ्या सगळं घेतलं. पेटी फळीवरच राहिली. दवाखान्याने बजावलं होतं, कुठेही जा, पेटी बरोबर न्या; पण कात्री आठवते, पेटी आठवत नाही. बहिणीचा हात मिठाला सैल होता. आठव्या दिवशी शिंप्याच्या चपलेचा पट्टा लागेना. दहाव्या दिवशी तो तीन उशांवर बसून झोपू लागला.

रविवारी आत्याने त्याला हाताला धरून शेडमध्ये नेलं. पत्र्याखालून चालताना त्याची धाप चौथ्या रांगेत ऐकू जात होती. लेक मागून आली होती.

महाराजांनी कान लावला. बराच वेळ लावला.

"कोरडं," ते म्हणाले. "ठणठणीत! वाळवंट आहे नुसतं! जा, नाच!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंपी नाचला नाही. त्याला उभं राहता येत नव्हतं.

"आत्या, त्यांना उभं राहवत नाहीये," लेक म्हणाली.

"अशक्तपणा. महाराज कोरडं म्हणाले ना?"

लेकीने अप्पांना त्याच दिवशी घरी आणलं. छपराचं काम अर्धवट होतं, तरी आणलं; पेटीने आकडे पाठवले की दवाखाना काय ते सांगेल, असं तिला वाटलं. रात्री तो पेटीजवळ झोपला. सकाळी साडेसातला आत्याच्या घरी, तिच्या फोनवर निरोप आला. महाराजांना पहाटे जाग आली, पुलापलीकडून लोंढा येताना ऐकू आला. पाणी गळ्याशी आहे. गोळ्या ताबडतोब बंद, गोळ्यांनी पाणी चिडतं. मंतरलेलं पाणी रोज तीन लिटर पाजा. पाण्याला पाणीच बाहेर काढतं.

लेक शाळेत गेली होती. दवाखान्यातून काही निरोप आला तर तिच्या फोनवर येणार होता. आला नाही. तिने दुपारी स्वतः फोन केला. वरच्या खोलीतल्या माणसाने सांगितलं, "तुमचं बघितलंय. मोठ्या डॉक्टरीणबाईंना कळवलंय. त्या करतील फोन."

त्या दोन दिवसांत, लेक शाळेत असताना, आत्याने भावाकडे येऊन त्याला पेला पेला करून पाणी पाजलं. तो नको म्हणायचा. ती म्हणायची, "दादा, माझ्यासाठी." थकलेल्या हृदयाच्या माणसाला दिवसाला किती पाणी, हे दवाखान्याने भिंतीवर कागद लावून दिलं होतं. सगळं मिळून दीड लिटर. आत्याने त्या कागदावर महाराजांचा फोटो चिकटवला होता. मंगळवारी संध्याकाळी लेकीने रिकाम्या बाटल्या पाहिल्या आणि रिक्षा बोलावली. शिंपी जिना उतरेपर्यंत टिकला. शेवटचं वाक्य बोलला तेही धंद्यातलंच. शर्टाची वरची बटणं सोडणाऱ्या लेकीला म्हणाला, "ओढू नको, काज फाटेल."

पुढच्या रविवारी महाराज माइकवर रडले. "मी सांगितलं होतं. लोंढा येतोय म्हणालो होतो. उशीर झाला, माउली, उशीर झाला." गर्दी दुप्पट झाली. मरण आधी सांगणारा माणूस जगवणाऱ्यापेक्षा मोठा ठरतो.

लेकीला मात्र एकच गोष्ट खात होती. बारा दिवस बुडणारा माणूस समोर बसवला, छातीला कान लावला, तर महाराजांना वाळवंट ऐकू आलं. एक रात्र तो घरी झोपला, तर दोन मैलांवरून लोंढा ऐकू आला. मग महाराजांचा कान डोक्याला नव्हता. तो अप्पांच्या उशाजवळच्या फळीवर होता.

ती हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर अप्पांची नोंद उघडली आणि थोड्या कोरडेपणाने म्हणाल्या, "हे बघा, आमच्याकडून चूक नाही. सोमवारी सकाळी सहा एकेचाळीसला तुमच्या घरी संपर्क झाल्याची नोंद आहे."

"सहा एकेचाळीसला अप्पा दात घासत होते. घरात एकच फोन आहे आणि तो माझ्या हातात होता."

"नोंद आहे."

"कॉल दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या फोनची यादी मागवली. सोमवारी सकाळी आठपर्यंत दवाखान्यातून एकही फोन बाहेर गेला नव्हता. त्यांनी यादी पुन्हा वरपासून वाचली.

दवाखान्याची रीत अशी होती. पहाटेच्या सूचना आधी तंत्रज्ञ पाहायचा. त्याने रोग्याशी बोलून 'संपर्क झाला' असं बटण दाबलं की लाल नाव सगळ्यांच्या पडद्यावरून जायचं; त्यानेच परत बाहेर काढेपर्यंत ते दिसायचं नाही. दहा वाजता येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना उरलेली नावं दिसायची. रीत सोयीची होती, म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

"तंत्रज्ञाने एक दिवस नाव दडवायचं," लेक म्हणाली. "तेवढ्यात महाराजांनी सांगून टाकायचं. मग नाव परत बाहेर काढायचं, म्हणजे तुमची गोळी पोचते आणि महाराज खरे ठरतात. अप्पांच्या वेळी बाहेर काढायला विसरला."

डॉक्टरीणबाईंनी यादी उलटी ठेवली. ती नोंद त्यांच्याच हाताखालच्या माणसाने केली होती.

"सिद्ध कसं करायचं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अप्पांचं यंत्र माझ्याकडे आहे."

अंत्यविधीआधी असं यंत्र काढून घ्यावं लागतं. आगीत ते फुटतं. झटका देणं बंद करून, तारेसकट, कागदात गुंडाळून ते लेकीच्या हातात दिलं होतं. ते अजून चालू होतं. मेलेल्या माणसाचं यंत्र मेलेलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या समितीची लेखी परवानगी काढली. मग शिंप्याची नोंद बंद केली आणि तेच यंत्र एका नव्या रोग्याच्या नावावर चढवलं. वय बासष्ट. निवृत्त जमीन मोजणीदार. पत्ता गोदामांची गल्ली. त्या गल्लीत एकही घर नाही. पाण्याची सूचना सोडून बाकी सगळ्या सूचना बंद केल्या.

लेकीने शाळेतून काचेची बरणी आणली, तीत पाणी घेतलं, नावापुरतं मीठ घातलं आणि यंत्र तारेसकट आत सोडलं. बरणी अप्पांच्या उशीच्या जागी ठेवली, पेटीजवळ. बरेच आठवडे यंत्राने ती छाती निरोगी मानली. मग तिने रोज चिमूटभर मीठ वाढवायला सुरुवात केली. मीठ वाढलं की प्रवाहाला वाट मिळते. बरणीतले मोजणीदार हळूहळू बुडू लागले. एका शनिवारी पहाटे त्यांचं नाव लाल झालं. सहा अडतीसला 'संपर्क झाला' अशी नोंद पडली. मोजणीदारांच्या नावापुढे फोन नंबरच लिहिलेला नव्हता.

यंत्राचा क्रमांक तोच होता, शिंप्याचा. तो पडद्यावर नावाशेजारीच दिसतो. तंत्रज्ञाने तो वाचला नाही. त्याला क्रमांक नको होता. वय, धंदा आणि गल्ली हवी होती.

रविवारी शेड भरली. महाराजांनी डोळे मिटले.

"गोदामांची गल्ली... बासष्ट वर्षं... आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. कुठं आहे तो?"

कोणी उठलं नाही. मग मागून शिंप्याची लेक उठली. हातात कापडी पिशवी.

"आमचेच आहेत, महाराज. त्यांना चालता येत नाही. नक्की पाणीच आहे ना?"

"अगं बाई, पाणी म्हणजे! गळ्यापर्यंत!"

"बरोबर. गळ्यापर्यंतच आहे. आणखी काही ऐकू येतं?"

महाराजांना सूर सापडला. "तापट माणूस. पूर्वी व्यसन होतं, आता सुटलंय. बायकोला फार त्रास दिला, पण मनातून चांगला. मुलगा परगावी, विचारत नाही."

रांगांमधून हळहळ उठली. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "अस्संच असतं हो."

"गोळ्या चालू ठेवू?"

"गोळ्या बंद! तीन लिटर पाणी."

लेक चौथऱ्यापाशी गेली आणि पिशवीतून बरणी काढून माइकसमोर ठेवली. मिठाचं पाणी, त्यात काड्यापेटीएवढं यंत्र, वेटोळं घातलेली तार.

"हे मोजणीदार," ती म्हणाली. "तीन लिटर मावणार नाहीत यांच्यात. कान लावा."

आधी कोणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेत, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं त्यांच्यात, कोणीतरी हसलं.

"लावा ना कान, महाराज!" कोणी ओरडलं. "बायकोला किती छळलं विचारा!"

"ही रोग्यांची चेष्टा आहे!" महाराज ओरडले. पण गर्दी बघत होती आणि बघणाऱ्या गर्दीसमोर त्यांना एकच काम येत होतं. त्यांनी वाकून बरणीला कान लावला. "जीव आहे," ते म्हणाले. "हिच्यात जीव आहे."

"होता," लेक म्हणाली. "माझ्या अप्पांचा."

डॉक्टरीणबाई चौथऱ्यावर आल्या. त्यांनी पेटी, पडदा, बटण सगळं साध्या शब्दांत सांगितलं. मग म्हणाल्या, "हे मोजणीदार जगात नाहीत. त्यांचं वय, धंदा, गल्ली त्या पडद्यावर फक्त दोघांनी पाहिली. मी आणि आमचा तंत्रज्ञ." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीपाशी स्पीकरच्या खोक्यामागे चाळिशीचा एक माणूस माइकचा आवाज कमीजास्त करत बसला होता. "रविवारी तो इथे असतो, हे मला आज कळलं."

"अहो, हे तर महाराजांचे जावई!" पुढच्या रांगेतली एक म्हातारी भाबडेपणाने म्हणाली. "लग्नाला मी जेवून आलेय."

जावयाने पहिली गोष्ट केली ती माइक बंद करण्याची. दुसरी, मागच्या दाराकडे निघण्याची. पण तिथे चपलांचा ढीग होता आणि त्याला स्वतःची चप्पल सापडेना. तो अनवाणी जाऊ शकला असता. त्याला सुचलं नाही.

गोंधळात एक सभ्य गृहस्थ लेकीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, बरणीतलं थोडं पाणी मिळेल का? महाराजांचा कान लागलाय त्याला. मिसेसना द्यायचं होतं."

लेकीने झाकण घट्ट लावलं.

आत्या जागची हलली नव्हती. शेड अर्धी रिकामी झाल्यावर ती भाचीजवळ आली.

"मग मी त्याला जे पाजलं... ते तीन तीन लिटर..."

"हो, आत्या."

"तो नको म्हणत होता."

"हो."



नंतर चौकशीत गेल्या दहा महिन्यांतल्या, सकाळी सातच्या आत फोनशिवाय 'संपर्क झाला' म्हणून मिटवलेल्या एकतीस सूचना निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक घरी स्वतः फोन केला. बहुतेक रोगी जिवंत होते, कारण त्यांची नावं एक-दोन दिवसांनी परत लाल करण्याची जावयाला आठवण राहिली होती. चार घरी आठवण राहिली नव्हती. त्यांपैकी एका घरी रोग्याच्या बायकोने फोन उचलला. "हे गेले हो," ती म्हणाली. "पण महाराजांनी आधीच सांगितलं होतं. फार मोठा माणूस." डॉक्टरीणबाईंनी तिला खरं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा लावल्यावर तिने उचलला नाही.

जावयावर खटला चालू आहे. 'संपर्क झाला' आता एकट्याच्या बोटाने होत नाही. दुसऱ्याने कॉल तपासावा लागतो. महाराजांवरचा गुन्हा ढिला पडला, कारण पाणी प्या म्हणणं हा गुन्हा आहे का यावर वकील अजून भांडत आहेत. महाराज सध्या दुसऱ्या गावात असतात. तिथे ते रक्तातली साखर ऐकतात असं कळतं. तिथल्या तपासणी केंद्रात त्यांच्या मेहुण्याला नोकरी लागली आहे.

ज्यांच्या छातीत असं यंत्र आहे त्यांच्यासाठी सांगण्यासारखं फार थोडं आहे आणि ते चमत्कारासारखं मुळीच नाही. उशाजवळची पेटी चालू ठेवा; पाहुणे म्हणून गेलात तरी कात्रीआधी ती पिशवीत घाला. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर आलेलं बाळसं नव्हे, पाणी आहे, फोन करा. तुमचे आकडे कोण वाचतं ते दवाखान्यात जाऊन विचारा, आणि त्याने वाचले की नाही ते कोण बघतं, हेही विचारा. गोळी बंद करायला सांगणाऱ्याला त्याचं शिक्षण विचारायला लाजू नका.

आणि एवढं करूनही कोणी तुमच्या छातीतलं पाणी मला ऐकू येतं म्हणालाच, तर त्याच्यासमोर एक झाकलेली बरणी ठेवा आणि विचारा, हिच्यात किती वर्षांचा माणूस आहे.